शुद्धीवरचा लिलाव

"माझ्या वतीनं कुणाला बोलू देऊ नकोस," डेलमारने मला हॉस्पिटलच्या दारातच अडखळत बजावलं होतं.

माझा नवरा अमेरिकेत, आयोवात गुरांचे लिलाव पुकारतो, आणि मेंदूतली गाठ नेमकी वाचेच्या जागेला चिकटलेली. ती काढताना त्याला जागं ठेवून बोलतं ठेवणार होते, म्हणजे वाचेला धक्का लागला तर लगेच कळेल. "तेव्हा काय बोलाल?" डॉक्टरांनी विचारलं. डेलमार शब्द जुळवत होता, तोवर धाकटा दीर व्हर्लिन बोललाच, "बायबलमधली स्तोत्रं म्हणेल! तुम्ही फक्त रेकॉर्ड करा, डॉक्टर. रविवारी चर्चमध्ये ऐकवतो मी."

माइक दिसला की व्हर्लिनला देव आठवतो.

"लि... लाव," डेलमार म्हणाला.

"दादा, डोकं उघडं असताना बैल विकणार तू? वहिनी, तुम्ही रोज गुडघे टेकून प्रार्थना करता, तुम्ही तरी सांगा याला!"

"सांगते, भावजी," मी हळूच म्हणाले. "डॉक्टर, स्तोत्रं तर तो झोपेतही म्हणेल. लिलावात समोरून बोली आली की उत्तर द्यावंच लागतं. खऱ्या बोलींचे आवाज मी आणून देते."

* * *

बुधवारी व्हर्लिन चर्चमध्ये आमच्यासाठी गहिवरायला उभा राहिला, तेव्हा ईस्टरआधीच्या उपवासकाळातली प्रार्थना जन्मात पहिल्यांदा चुकवून मी फोन पर्समध्ये टाकला आणि बोली रेकॉर्ड करायला गुरांच्या बाजाराकडे निघाले.