कळीपर्यंत

माळीमामांनी कागदाच्या तळापासून सुरुवात केली, तेव्हा सगळा वर्ग हसला.

हसण्यासारखंच होतं ते. हॉस्पिटलच्या नोकरमंडळींसाठी दर गुरुवारी दुपारी चादरी ठेवायच्या जुन्या खोलीत चित्रकलेचा वर्ग भरायचा आणि आजचा धडा अगदीच सोपा होता. ऑइल पेस्टलनं एक रानफूल. बाईंनी फळ्यावर कागद लावून करून दाखवलं होतं. आधी पिवळा ठिपका, भोवती पाच पाकळ्या, फिकट रंग आधी आणि गडद नंतर, मग बोटानं जरासं फिरवायचं आणि शेवटी देठ. देठ खाली कडेपर्यंत नेऊन सोडून द्यायचा. वीस वर्षं बाई हेच शिकवत आल्या होत्या आणि नवशिक्यांचंही फूल बरं यायचं.

“मामा, फूल आभाळाकडे असतं,” रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर म्हणाला. “तुम्ही तर थेट पाताळात शिरलात!”

“तू आपली गाडी चालव,” मामा मान वर न करता म्हणाले.

बाई दुरुस्त करायला उठल्या. चूक वेळीच सांगितलेली बरी असते. पण मामांच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि दुरुस्ती विसरून कागदाकडे बघू लागल्या.

कागदावर एक मूळ होतं. पांढुरकं, वर जाड आणि खाली निमुळतं होत गेलेलं, मध्येच एका खड्याला वळसा घालून पुन्हा सरळ झालेलं. मामांनी तपकिरी खडू घेतला आणि जोर देऊन माती भरली. मूळ पार झाकून गेलं. झालं, चित्र गेलं, असं बाईंना वाटलं. तेवढ्यात मामांनी अंगठ्याचं नख टेकवलं आणि ती माती हलक्या हातानं बाजूला करायला घेतली. खडूचा थर सुटत गेला आणि केसासारखी बारीक मुळं एकेक करून उघडी पडली. या जाड खडूंनी बारीक रेघ येत नाही, असं बाईंनीच तास सुरू होताना सांगितलं होतं.

“नखानं करायचं कुणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायचं काय त्यात? माती नखानंच निघते.”

मग पानं आली. जमिनीला चिकटून पसरलेली, कातरल्या कडांची, त्यातलं एक किड्यानं खाल्लेलं. बालरोग विभागातल्या सिस्टर आपलं फूल अर्धवट टाकून उठून आल्या. “बोट लावलं तर ओलं लागेल हो,” त्या म्हणाल्या. एकेक करत सगळेच उठले. ड्रायव्हरही आला आणि वाकून बघू लागला. बाईंना मनापासून आदर वाटला आणि खरं सांगायचं तर स्वतःची थोडी लाजही वाटली. वीस वर्षं त्यांचे देठ कागदाच्या कडेला संपत होते. त्याखाली काय असतं, ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

मामांनी देठ वर नेला, टोकाला एक घट्ट मिटलेली हिरवी कळी बसवली आणि खडू डबीत ठेवून दिला. वरचा अर्धा कागद कोराच होता.

“आता फूल,” बाई म्हणाल्या.

“ते नाही येत.”

“असं कसं? हे ज्याला जमलं, त्याला फूल म्हणजे हातचा मळ.”

“तसं नाही, बाई. मी बघितलेलंच नाही. हिरवळीतलं तण ते, कळी दिसली की उपटायचं. फूल येऊ दिलं, बी पडू दिलं, तर मी माळी कसला?”

मामांनी राखलेल्या हॉस्पिटलच्या हिरवळीला सगळ्या शहरात तोड नव्हती. उत्तम बागेची ढाल त्यांनी नऊ वेळा आणली होती. उद्या सकाळी परीक्षक पुन्हा यायचे होते आणि महिनाअखेर मामा निवृत्त होणार होते. दहावी ढाल आणायची आणि मगच घरी बसायचं, हे त्यांनी वर्गातल्या प्रत्येकाला निदान दोनदा तरी ऐकवलं होतं.

“रस्त्याकडेला ढिगानं फुललेली असतील की,” ड्रायव्हर म्हणाला.

“असतील. पण पान दिसलं की हात वळतोच माझा. बहिणीकडे जेवायला गेलो, तरी आधी तिचं अंगण साफ करतो, मग ताटावर बसतो.”

सगळे हसले, पण या वेळचं हसणं निराळं होतं. बाईंनी फोनवर फुलाचा फोटो शोधला आणि पुढे धरला. मामांनी मनगटानं तो हळूच दूर सारला. बोटं तपकिरी झाली होती ना!

“राहू द्या. मुळापासून ओळख माझी, आणि तोंड दुसऱ्याच्या फोनात बघू?”

बाईंनी ते चित्र भिंतीवर मधोमध लावलं, कोऱ्या अर्ध्या कागदासकट.

संध्याकाळी बाई खडूंची पेटी घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा मामा हिरवळीवर उकिडवे बसले होते, हातात खुरपं. कचेरीतले साहेब त्यांच्या डोक्यावर उभे होते. हिरवळ गालिच्यासारखी एकसारखी होती आणि तिच्या ऐन मध्यावर कातरल्या पानांचं एक रोप, एका कळीचं.

“मामा, नजर गेली की काय तुमची? हे बघा, एक राहिलंय.”

“राहिलं नाही, साहेब. ठेवलंय.”

“ठेवलंय? अहो, उद्या परीक्षक येतायत! हातची ढाल जाईल!”

मामांनी खुरपं गवतावर पुसलं आणि पिशवीत टाकलं.

“ढाल नऊ वेळा बघितली,” ते म्हणाले. “हे एकदाही नाही.”