भरलेली टाकी

"सांगितलं तर कुणाला पटायचं नाही, पण दसऱ्याला भरलेली टाकी अजून अर्ध्यावर आलेली नाही!" तात्यांनी अंगणातल्या जुन्या मोटरसायकलच्या सीटवर थाप मारली.

कालच त्यांच्या बायकोचं वर्षश्राद्ध झालं होतं. "गाडी वापरात नसेल, तर विकून टाकू," असं लेकीनं, सुरेखानं, बजावलं होतं आणि आज मेकॅनिकलाच घरी बोलावलं होतं. म्हणून तात्या बोलत सुटले होते.

"रोज कराडला जाऊन येतो. कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू पाव फेरा फिरवला, तेव्हापासून ही पेट्रोल पीत नाही, नुसता वास घेते. परवा तर निघताना होतं त्यापेक्षा परत येताना जास्त निघालं!"

"म्हणजे आता पंपवालाच तुमच्याकडून पेट्रोल नेणार," इलियास मेकॅनिक हसला. त्यानं कार्बोरेटर उघडला. आत पेट्रोल वाळून काकवीसारखं चिकट झालं होतं. तात्यांनी त्याच्याकडे केविलवाण्या नजरेनं पाहिलं, तसं त्यानं मुकाट्यानं झाकण लावलं. "ट्यूनिंग एक नंबर आहे, ताई. रोजच्या वापरातली गाडी."

तात्यांचा जीव भांड्यात पडला.

सुरेखा मात्र मागच्या चाकाशी वाकली होती. साडी अडकू नये म्हणून बसवलेल्या जाळीपासून चाकाच्या तारांपर्यंत कोळ्यानं घर विणलं होतं. सगळी गाडी धुळीनं माखलेली, सीट तेवढी लख्ख पुसलेली. मागची बाजू तर जरा जास्तच.

"तात्या, ही जागची हललेली नाही," ती म्हणाली. "तुम्ही नुसते बसता हिच्यावर. आईला मागे घेऊन."