चमच्याची हाक

खण् खण्... खण्ण. लोखंडी कॉटच्या दांडीवर चमचा वाजला की श्रीरंग घरात जिथे असेल तिथून ओरडायचा, “आलो गं!” घशाच्या ऑपरेशननंतर त्याच्या बायकोचा, केतकीचा, आवाज गेला होता. हाक मारायला तिच्याकडे तो एक चमचाच उरला होता.

ती गेली आणि घर त्याला खायला उठलं. कॉट भंगारात द्यायला हात धजेना, म्हणून त्याने त्या कॉटलाच माइक लावला. चमच्याने तोच ठेका धरला, त्यावर भोसरीच्या वर्कशॉपमधली प्रेस मशीनची धडधड आणि करकरणारी गिटार चढवली, आणि गळा फाडून एकच ओळ गायली. आलो गं.

“भेसूर आहे राव,” त्याच्या बँडचा ड्रमर म्हणाला, “पण डोक्यातून जातच नाही.”

खरंच गेलं नाही. कॉलेजची पोरं बाकं बडवून ते म्हणू लागली. पुण्यातल्या कार्यक्रमात तर गाणं संपलं तरी कुणी हलेना. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हातातलं कडं लोखंडी कठड्यावर आपटलं आणि बघता बघता सगळ्या मैदानाने ठेका उचलला. खण् खण्... खण्ण.

श्रीरंगच्या हातून गिटार सुटली. “आलो गं, आलो!” म्हणत तो विंगेत धावला.

लोकांना तो गाण्याचाच भाग वाटला. मैदान गरजलं, “आलो गं!”

विंगेत वाद्यांच्या रिकाम्या पेट्यांखेरीज काही नव्हतं, आणि मागे ती हाक काही केल्या थांबत नव्हती.