राजाच्या डोळ्यातलं भोक

आफ्रिकेच्या त्या आडबंदरात जुने चांदीचे रुपये अजून चालत होते. चहावाल्यानं परत दिलेले सुटे दिगंबरनं सहज निरखले आणि एक रुपया उचलून उजेडात धरला. त्यावरच्या राजाच्या डोळ्यातच भोक होतं.

देवगडच्या सोनाराची ती चूक. बाबा जहाजावर निघाले तेव्हा आईनं तो रुपया भोक पाडून त्यांच्या करदोड्यात ओवला होता. "राजाक आंधळो केलंस रे मेल्या!" म्हणून सोनाराशी भांडलीही होती. गावची रीतच तशी. परमुलखात खलाशी मेला, तर मूठमाती देईल त्यानं तो रुपया घ्यावा. जित्या माणसानं उपाशी राहावं, पण त्याला हात लावू नये.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"वडाक पूजून इलंय रे झिला. बापाशीची काय खबर गावली?"

बाबा बेपत्ता झाल्यापासून तिनं एकही वटपौर्णिमा चुकवली नव्हती.

मुठीतला रुपया तळव्यात रुतत होता. "नाय गो आये," तो म्हणाला.

मग त्यानं नको असलेला दुसरा चहा मागितला आणि तो रुपया चहावाल्याच्या हातावर ठेवला.