आधी कोण बोलणार

माळ्यावरचा सोऱ्या काढायला कुंदाताई स्टुलावर चढल्या, म्हणून भास्कररावांनी त्यांना शेजारणींसमोर झापलं. ठिसूळ हाडांच्या बाईनं असले उद्योग करू नयेत, हे खरंच. पण चारचौघींत? दोघांचा अबोला सुरू झाला. आता जो आधी बोलेल, त्याची चूक.

पंचाईत अशी, की हाडं बळकट करणारं इंजेक्शन रोज घ्यायचं होतं आणि स्वतःला टोचायला कुंदाताईंचा हात धजत नव्हता.

सकाळी भास्कररावांनी फ्रिजमधून इंजेक्शन काढलं. "सुईबाई, आज कुठली मांडी? डावी की उजवी?"

"काल उजवी झाली गं," कुंदाताईंनी खिडकीतल्या तुळशीला सांगितलं.

भास्करराव चष्म्याशिवायच वाकले. ते आता टोचणार, तोच कुंदाताईंना दिसलं, सुईवर टोपण तसंच!

"अहो, आधी टोपण काढा!"

"हरलीस!" भास्करराव शाळकरी पोरासारखे ओरडले. चष्मा खिशातच होता आणि टोपण त्यांनी मुद्दामच ठेवलं होतं.

"तुम्हाला कोण बोललं? मी सुईला म्हणाले," कुंदाताई गाल फुगवून म्हणाल्या.

"सुईला 'अहो' म्हणतेस?"