अर्ध्या पेन्सिली

नऊ वर्षांच्या लढाईनंतर बोगनव्हिल बेटावरची आमची शाळा उघडली, त्या सकाळी शांतता राखायला आलेल्या फिजीच्या शिपायांनी पेन्सिलींनी भरलेली पेटी आणली. शाळेच्या टेरेसिया बाईंनी कोयता घेतला आणि त्या एकेक पेन्सिल मधोमध तोडू लागल्या. “बाई, आमच्या आयांनी घरोघरी फिरून जमवल्यात त्या,” सार्जंट रातूवा म्हणाला, “चुलीत घालायला नव्हे.” “आणि तू सगळ्या नदीच्या एकाच काठावर उतरवल्यास, शहाण्या. पलीकडची पोरं काय केळीच्या पानावर कोळशानं लिहिणार?” “त्यांना उद्या वेगळी पेटी आणतो.” “ती तुझी भेट झाली. आमच्या वाट्यातलं आम्ही दिलं, तरच समेट होतो.” अर्धे तुकडे पेटीत भरून बाई नदीत उतरल्या. त्याच उतारावर पलीकडच्यांनी बाईंच्या नवऱ्याला गोळी घातली होती; तेव्हापासून आमच्यातल्या कोणी ते पाणी ओलांडलं नव्हतं. आम्ही काठावरच उभे राहिलो. बाई कमरेइतक्या पाण्यात थांबल्या. समोरच्या काठावर जमलेल्या गर्दीतून एक म्हातारी पुढे आली आणि पाण्यात शिरली. तिनं पेटीतला एक तुकडा उचलून निरखला. “याचा दुसरा अर्धा कोणाकडं?” “माझ्या मुलीकडं.” म्हातारीनं तो तुकडा आपल्या केसांत खोचला, पेटीचं एक टोक धरलं आणि ती आपल्या काठाकडे वळली. दुसरं टोक धरून बाई तिच्यामागोमाग पलीकडचा काठ चढल्या.