खालची अक्षरं

दुपारी बारा वाजता टीव्हीचं जुनं प्रक्षेपण कायमचं बंद होणार होतं. नवा बॉक्स बसवायला आलेल्या माणसाला आजोबांनी दोनदा दारातूनच परत पाठवलं होतं. "आम्हाला नको. टीव्ही बंद पडला तर पडू दे." तिसऱ्यांदा मात्र आजींनी त्याला जिन्यातच गाठलं आणि बाहीला धरून घरात आणलं.

एका तापात आजींचे कान गेले, त्याला बावीस वर्षं झाली होती. तेव्हापासून आजोबा रोज बातम्या ऐकायचे आणि हातवारे करून त्यांना सांगायचे. पाऊस चांगला झाला, आपण सामना जिंकलो, कुण्या मुलीला मोठं बक्षीस मिळालं.

"या बॉक्सनं चित्राखाली अक्षरं येतात म्हणे," आजी नेहमीसारख्या मोठ्यानं बोलल्या. "तेवढी चालू करून दे, मगच इथून हल."

अक्षरं उमटली. आजी चष्मा सावरून वाचू लागल्या. पूल कोसळला होता. कारखान्यात आग लागली होती. सीमेवर पुन्हा गोळीबार झाला होता, चौदा ठार.

त्या वळल्या. आजोबा खाली बघत बसले होते.

"रोज असंच असतं?"

आजोबांनी मानेनंच हो म्हटलं.

बॉक्सवाल्याला वाटलं, आता जुंपणार. आजींनी आपली खुर्ची ओढून आजोबांच्या खुर्चीला लावली आणि त्यांचा हात घट्ट धरला.

"बावीस वर्षं एकट्यानं ऐकलंत," त्या म्हणाल्या. "आता दोघं मिळून बघू."